ताट वेगळं नको, पुरं हवं

एचआयव्हीची औषधं मिळतात त्या एआरटी केंद्रात गेलं की डॉक्टर भेटण्याआधी वजनकाटा भेटतो. चपला काढून काट्यावर उभं राहायचं, नर्स आकडा वाचते आणि तो हिरव्या पुस्तकात लिहिला जातो. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या प्रत्येकाकडे हे हिरवं पुस्तक असतं. त्यात गोळ्यांची नावं असतात, सीडी४ या संरक्षक पेशींची संख्या असते, पुढची तारीख असते. पण माणूस कसा जगतो आहे हे सगळ्यात आधी सांगतो तो वजनाचा रकाना. पन्नास किलोच्या बाईचं वजन काही कारण नसताना पाच किलोहून जास्त उतरलं, म्हणजे दहा टक्क्यांच्या पुढे गेलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ती आजार पुढच्या टप्प्यात गेल्याची खूण मानतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या माणसाला या काट्यापर्यंत पोचणंही सोपं नाही. तालुक्याचं नाव केळापूर, जगदंबेचं देऊळ केळापुरात, पण कचेऱ्या, बाजार आणि उपजिल्हा रुग्णालय पांढरकवड्याला. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून साठ-सत्तर किलोमीटर. एखाद्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, बाईला तिथे जायचं तर पहाटे निघून आधी फाट्यावर यावं लागतं, मग एसटी, मग रांग. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि पोटात बहुधा चहाशिवाय काही नसतं. एवढ्या खटाटोपानं आणलेली गोळी अंगी लागायची असेल, तर घरी गेल्यावर ताटात काय आहे आणि ते ताट कुठे वाढलं आहे, हे दोन्ही पाहावं लागतं. या लेखाचा विषय तोच आहे.

आधी औषधाबद्दल. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत उपचार सुरू केले, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. त्या काळच्या औषधांचे त्रास मोठे होते. स्टॅव्ह्युडिन या औषधानं गाल बसायचे आणि हातापायांची चरबी झडायची, त्यामुळे चेहऱ्यावरूनच गावाला ओळख पटायची. झिडोव्ह्युडिननं रक्त कमी व्हायचं. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एकत्र असतात. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही आढळला की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. गोळी नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबून राहिला तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांची वर्षानुवर्षं पाहणी करून हे तपासलं आहे. त्यात अशा जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही.

म्हणजे आजार आता मधुमेहासारखा सांभाळत जगण्याचा झाला आहे. सांभाळायचं म्हटलं की प्रश्न येतो खाण्याचा, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. कुणी सांगतं आंबट बंद, कुणी सांगतं अंडं गरम पडतं, कुणी हजार रुपयांची प्रोटीन पावडर गळ्यात मारतं. खरं पथ्य यापेक्षा साधं आहे, आणि ते आपल्याच चुलीवरचं आहे.

या आजारात अन्न जास्त का लागतं? विषाणू शरीरात असेपर्यंत रोगप्रतिकारक यंत्रणा रात्रंदिवस झुंजत राहते, आणि त्या झुंजीला ऊर्जा लागते. दुसरं कारण आतड्यात आहे. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तराजवळ असतो आणि एचआयव्ही सुरुवातीलाच तिथे घाव घालतो. अस्तर दुखावलं की खाल्लेलं नीट शोषलं जात नाही. तिसरं कारण अगदी रोजचं: तोंड येतं, भूक मरते, जुलाब लागतात आणि माणूस जेवतच नाही. मग वजन उतरतं, वजन उतरलं की प्रतिकार घटतो, प्रतिकार घटला की क्षयरोग गाठतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सगळ्यात मोठा वैरी क्षयरोगच आहे.

किती जास्त खायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार लक्षणं नसलेल्या प्रौढाला नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्के जादा ऊर्जा लागते. आजारपण असेल किंवा त्यातून माणूस नुकता उठला असेल, तर वीस ते तीस टक्के. वजन घटलेल्या लहान मुलांना पन्नास ते शंभर टक्के.

हे आकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या ताटात उतरवून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं मध्यम कष्ट करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण २१३० कॅलरी लागतात. त्याचे दहा टक्के म्हणजे २१३. साठ-पासष्ट ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकर साधारण दोनशे कॅलरी देते. मूठभर, म्हणजे चाळीसेक ग्रॅम शेंगदाणेही तेवढेच देतात. म्हणजे ते दहा टक्के जादा अन्न म्हणजे फक्त एक भाकर, किंवा वावरात जाताना पदराला बांधलेले मूठभर दाणे. प्रोटीन पावडरचा डबा आणायची गरज नाही.

आता प्रथिनं. तिला दिवसाला ४६ ग्रॅमच्या आसपास लागतात. चार भाकरींत पंचवीसेक ग्रॅम येतात, दोन वेळच्या तुरीच्या वरणात डाळ साठ ग्रॅम पडली तर तेरा, आणि त्या मूठभर दाण्यांत नऊ. बेरीज पुरी झाली. अंडं मिळालं तर आणखी सहा. पण भाकर आणि वरण यांची जोडी नुसत्या बेरजेपुरती नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात आणि तिळात मिळतं. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांनी हे कोणत्याही प्रयोगशाळेत शिकलं नव्हतं, पण भाकर, वरण आणि तिळाची चटणी हे ताट त्यांनीच बसवून दिलं आहे.

अडचण येते ती डाळच ताटातून उतरते तेव्हा. केळापूर हा कापसाचा आणि सोयाबीनचा मुलूख. पूर्वी घरच्या वावरात ज्वारी व्हायची, कापसाच्या तासांत तूर यायची. ज्वारीचा पेरा घटला आणि घरचं धान्य विकतचं झालं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, पोट भरतं, पण डाळ आणि तेल दुकानातूनच आणावं लागतं. हातात पैसा नसला की ताटात भात, पाणीदार आमटी आणि मिरचीचा ठेचा उरतो. असं ताट पोट भरतं, पण वजनकाट्यावर त्याची उणीव लगेच दिसते.

म्हणून जे फुकट किंवा स्वस्तात मिळतं त्याची किंमत ओळखायला हवी. पावसाळ्यात बांधावर तरोटा उगवतो, घोळ आणि चिवळ येते, परसात अंबाडी असते. शेवग्याचं एक झाड दाराशी असलं की वर्षभर पाला मिळतो. बरबटी, हरभरा आणि मूग मोड आणून शिजवले तर पचायला हलके होतात. या पालेभाज्यांतलं लोह शरीरात शिरायला आंबट लागतं, म्हणून वर लिंबू पिळावं किंवा आवळ्याची फोड तोंडी लावावी. ‘आंबट बंद’ हा सल्ला इथे उलटा नडतो. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्यातल्या टॅनिनमुळे लोह अडतं.

लोहाबद्दल विदर्भात एक जास्तीची खबरदारी लागते. इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आहे. रक्त कमी दिसलं म्हणून आपल्या मनानं लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आधी सिकलसेलची तपासणी करावी आणि डॉक्टर सांगतील तेच घ्यावं.

गोळी आणि जेवण यांचं नातंही नीट समजून घ्यायला हवं. मुख्य गोष्ट अशी की सध्याची तीन औषधांची गोळी जेवणाआधी, जेवणानंतर किंवा रिकाम्या पोटीही चालते. ‘आज घरात जेवायला नव्हतं म्हणून गोळी घेतली नाही’ हे फार ऐकू येतं, आणि ते घातक आहे. गोळी चुकली की विषाणूला औषध पचवायची संधी मिळते. जेवण चुकलं तरी गोळी चुकवायची नाही. मात्र लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती आणि एचआयव्हीची गोळी रिकाम्या पोटी एकत्र घेऊ नये, कारण धातू डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या असतील तर जेवणाबरोबर घ्याव्यात. नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. ॲसिडिटीवरच्या पातळ औषधांसाठी मात्र हे दोन आणि सहा तासांचं अंतर पाळलंच पाहिजे, जेवणाबरोबर घेतली तरी ती चालत नाहीत. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात, म्हणून तिला हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायलाच हवं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर तेही एआरटीच्या डॉक्टरांना सांगावं. दोन्हींत मात्रा बदलाव्या लागतात.

मे महिन्यात पांढरकवड्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. टिनाच्या छपराखाली गोळ्यांची बाटली ठेवली तर औषध तापतं. ती घराच्या थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी, आणि बाटलीतली ओल शोषणारी पुडी टाकून देऊ नये.

यानंतर पाणी. इथे केळापूरचा प्रश्न इतर ठिकाणांहून वेगळा आहे. ज्याची प्रतिकारशक्ती खाली गेली आहे त्याला पाणी उकळून प्या असं सगळीकडे सांगतात, आणि जंतूंसाठी ते बरोबरच आहे. पण यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक गावांत, केळापूर तालुक्यातसुद्धा, जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आहे. एका लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही भारतीय मानकांची वरची मर्यादा. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. अशा पाण्यानं दात पिवळे-तपकिरी होतात आणि पुढे हाडं कडक, ठिसूळ होऊन सांधे आखडतात. आता गोळीतलं टेनोफोव्हिर पाहा. काही जणांत ते मूत्रपिंडाला आणि हाडांना त्रास देतं, म्हणून केंद्रात क्रिएटिनिनची तपासणी करतात. हाडांवर दोन बाजूंनी भार येऊ द्यायचा नसेल, तर आपल्या हापशीचं पाणी तपासलेलं आहे का, हे ग्रामपंचायतीला विचारावं. ज्या हापशीला लाल रंग दिला असेल तिचं पाणी पिऊ नये. फ्लोराइडमुक्त स्रोताचं पाणी आणावं आणि मग ते उकळावं. दूध, नाचणी, तीळ आणि शेवग्याचा पाला यांतलं कॅल्शियमही हाडांच्या कामी येतं.

आजारपणाच्या दिवसांत ताट बदलतं. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, कडक काही नको. मुगाची पातळ खिचडी, ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, केळं, मऊ भात हे थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. जुलाबात जीवनरक्षक क्षारांचं पाणी द्यावं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं मटण, उघड्यावरचं कापलेलं फळ टाळावं. विदर्भात सुपारी-तंबाखूचा खर्रा हे आणखी एक संकट आहे. खर्ऱ्यानं भूक मरते, तोंडाची आतली त्वचा ताठर होते आणि पुढे तोंड उघडेनासं होतं. ज्याला मुळातच खाणं जड जातं त्याच्यासाठी खर्रा आणि दारू म्हणजे ताटावर घातलेला दरोडा.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आजची औषधं चांगली असल्यामुळे माणसं जगतात, वय वाढतं, आणि काहींचं वजन गरजेपेक्षा जास्त वाढतं. डोल्युटेग्राव्हिरवर असं होताना दिसतं. ‘आजारी आहे, तूप-साखर खाऊ घाला’ हा माया दाखवायचा जुना मार्ग मग रक्तदाब आणि मधुमेहाकडे नेतो. वजन ठीक असेल तर जेवण साधंच ठेवावं, मीठ दिवसाला एक छोटा चमचा, तळण कमी आणि चालणं भरपूर.

आता सावधगिरीचा मोठा धडा. दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग या एचआयव्हीवर लसूण, बीट आणि लिंबाची तरफदारी करत. २००६ साली टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत त्यांच्या देशाच्या दालनात हे पदार्थ मांडले होते. औषधं द्यायला सरकारनं केलेल्या उशिरामुळे तिथे तीन लाखांहून जास्त माणसं गेली, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. लसूण चांगला, बीट चांगलं, पण त्यांनी विषाणू दबत नाही. दुसरं उदाहरण टांझानियातलं. उपचारावरच्या हजारो रुग्णांना तिथे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या. नेहमीच्या मात्रेपेक्षा काही जास्त फायदा दिसला नाही, उलट यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसल्या आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. तेव्हा ‘एड्स मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या पुडीवाल्याच्या हाती पैसे देऊ नयेत. ते पैसे डाळीत घालावेत.

पोटाला पुरेसं मिळालं तर काय होतं, याचा पुरावा झारखंडातून आला आहे. तिथे क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना धान्य, डाळ आणि सूक्ष्म पोषक द्रव्यं असा जादा शिधा देऊन पाहिला. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत त्या घरांत क्षयरोगाचे नवे रुग्ण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेले दिसले. त्या घरांतला प्रश्न एचआयव्हीचा नव्हता. पण क्षयरोगाला सगळ्यात जास्त घाबरायचं ज्यांना कारण आहे, त्यांच्यासाठी डाळीच्या वाटीची किंमत यातून कळते. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर निक्षय पोषण योजनेतून महिन्याला एक हजार रुपये मिळतात.

आणखीही आधार आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधित व्यक्ती अर्ज करू शकते, महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या एचआयव्हीबाधितांच्या कुटुंबांना अंत्योदयमध्ये प्राधान्यानं घ्यावं, असं केंद्र सरकारचं २००९ पासूनचं सांगणं आहे. अंत्योदय म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य. एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे. पण हे सगळं मिळवायला दाखला लागतो, दाखला दाखवायला खिडकीवर उभं राहावं लागतं, आणि खिडकीपलीकडे बहुधा गावातलाच कुणी बसलेला असतो. अनेक जण तिथूनच माघारी फिरतात. पैशापेक्षा लाज महाग पडते.

जागतिक आरोग्य संघटनेनं एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जीवनमानाची मोजणी करायला ३१ प्रश्नांची एक यादी केली आहे. तिचे सहा भाग आहेत: शरीर, मन, स्वावलंबन, नातीगोती, आजूबाजूची परिस्थिती आणि श्रद्धा. गोळी आणि भाकर पहिल्या भागाला पुरतात. बाकीचे भाग आपल्या हातात आहेत, शेजाऱ्यांच्या आणि घरच्यांच्या.

आपल्याकडे ज्याला घराबाहेर काढायचं नसतं पण घरातही धरायचं नसतं, त्याचं ताट वेगळं करतात. एक जर्मनचं ताट, एक पेला, ओसरीच्या कोपऱ्यात. घासायचं त्याचं त्यानं. वाढणारी बाई वरून टाकते, हात लागू देत नाही. सुनेला हे जास्त सोसावं लागतं. कित्येकदा लागण नवऱ्याकडून झालेली असते, तो गेलेला असतो, आणि कोपऱ्यातल्या ताटावर ती बसलेली असते. अशा ताटात दुसऱ्यांदा भाकर मागवत नाही. दहा टक्के जादा अन्नाचा तो सगळा हिशेब तिथे मोडून पडतो.

म्हणून स्पष्ट सांगतो. एचआयव्ही ताटातून, पेल्यातून, उष्ट्यातून, एका अंथरुणावर बसल्यानं, डास चावल्यानं पसरत नाही. सून स्वयंपाक करू शकते, तिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं तरी काही होत नाही. उपचार घेणारी आई बाळाला पहिले सहा महिने अंगावरचं निव्वळ दूध पाजू शकते, फक्त तिची गोळी आणि बाळाचं औषध चुकायला नको. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित व्यक्तीला सामाईक घरात राहण्याचा आणि तिथल्या सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्क आहे, असं तो कायदा सांगतो. चूल, माठ आणि पंगत या त्या घराच्याच सोयी आहेत. संमतीशिवाय कुणाचा अहवाल चारचौघांत सांगणंही त्या कायद्याला मंजूर नाही.

शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव न सांगता विचारता येतं. आणि तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी ही गोळी घेत असेल, तर आज रात्री तिचं ताट तुमच्या ताटाशेजारी घ्या. वरण तळापासून ढवळून वाढा, आणि दुसरी भाकर तिनं मागायच्या आधी तिच्या ताटात टाका.